भिंतीवर वाढदिवस करणाऱ्यांसाठी सूचना

सभासदहो, मुलांचा वाढदिवस आपल्या क्लाइंबिंग वॉलवर करायचा असेल तर आधी चढाई, मग केक. भरल्या पोटावर हार्नेस (कमरेला बांधायचा सुरक्षेचा पट्टा) आवळला की काय होतं, ते गाद्या पुसणाऱ्या मामांना विचारा!

संमतीपत्रावर प्रत्येक मुलाच्या आईची किंवा वडिलांची सही हवी; सोबत आलेल्या मावशीची चालणार नाही. अंगठी, कडं, साखळी घरीच ठेवा. होल्डमध्ये (भिंतीवरच्या पकडायच्या खुंटीत) अंगठी अडकली तर बोटाला गंभीर इजा होते. बोल्डरिंगला, म्हणजे कमी उंचीच्या भिंतीवरच्या चढाईला, दोर नसतो, म्हणून खालच्या गादीवर कुणीही थांबू नये, फोटोसाठीसुद्धा नाही. पडताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून. हात मागे टेकायचे नाहीत, हे मुलांना घरीच सांगून ठेवा.

बिलेला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायला, आपलेच प्रशिक्षक राहतील, हौशी बाबा नकोत. फुगे बाहेरच्या खोलीत लावा.