काडीकिड्याची ओळख त्याच्या अंड्यात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या ॲथर्टन पठारावर सापडलेल्या महाकाय काडीकिड्याची बातमी जुलै २०२५ मध्ये जगभर झळकली. सुमारे ४० सेंटिमीटर लांब आणि ४४ ग्रॅम वजनाची मादी, त्या देशातील बहुधा सर्वांत जड कीटक, असे तिचे वर्णन सर्वत्र आले आणि ते वाचताना माझ्यासारख्या कीटकप्रेमी वाचकाला मनापासून आनंद झाला. परंतु हा कीटक ‘नवी प्रजाती’ कशावरून ठरला, हे माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक बातम्यांनी एका ओळीत आटोपले होते, आणि काहींनी तर सांगितलेच नव्हते. केवळ लांबी आणि वजनाच्या जोरावर कोणताही कीटक नवी प्रजाती ठरत नाही. अँगस एमॉट आणि रॉस कूपलँड या दोन अभ्यासकांनी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात ॲक्रोफिला अल्टा या नावाने जिचे वर्णन प्रसिद्ध केले, ती मादी आपल्या भाऊबंदांपासून वेगळी ओळखू आली ती प्रामुख्याने तिच्या अंड्यावरून, आणि या शोधातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे.

काडीकिड्यांच्या गणात आज तीन हजारांहून अधिक प्रजाती ज्ञात आहेत. त्यांचे सारे शरीर दिसू नये यासाठीच घडलेले असल्यामुळे, शत्रूला फसवणारी ही रचना अभ्यासकालाही फसवते. मी काही वर्षे काडीकिडे पाळले आहेत. प्रयोगशाळांमध्ये सर्रास वाढवला जाणारा, मूळचा दक्षिण भारतातला, कॅरॉसियस मोरोसस हा तो काडीकिडा. विसावलेला असताना तो पुढचे दोन्ही पाय डोक्याच्या पुढे सरळ ताणून एकमेकांना जुळवतो, आणि त्या पायांच्या मांड्या बुडाशी अशा वाकलेल्या असतात की मधल्या खाचेत डोके नेमके बसते. नीट निरखून पाहणाऱ्यालाही मग डोके कुठे संपले आणि पाय कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही. रंगावर तर मुळीच विसंबता येत नाही, कारण एकाच मादीच्या पिल्लांत एक हिरवे आणि दुसरे तपकिरी निघू शकते. या प्रजातीत नर अत्यंत दुर्मिळ असून माद्या नराशिवायच अंडी घालतात.

ती अंडी मादी कुठे चिकटवत नाही, जिथे बसली असेल तिथूनच खाली टाकते. पिंजऱ्याच्या तळाशी कागद अंथरलेला असेल, तर रात्रीच्या शांततेत त्यांचा टपटप आवाज स्पष्ट ऐकू येतो. सकाळी पाहावे तर कागदावर बारीक बिया सांडल्यासारखे वाटते. भिंगाखाली धरल्यावर मात्र त्या ‘बी’चे टणक तपकिरी कवच, एका टोकाला बसवलेले गोल झाकण, त्या झाकणावरची पिवळसर गाठ आणि एका बाजूला शुक्राणूच्या प्रवेशासाठी असलेल्या सूक्ष्म छिद्राभोवतीची ठसठशीत चकती, हे सगळे एकेक करून दिसू लागते. ही गाठ कित्येक प्रजातींत मुंग्यांना आकर्षित करते. मुंग्या अंडे वारुळात ओढून नेतात, गाठ तेवढी खातात आणि अंडे जमिनीखाली सुरक्षित राहते. पिल्लू बाहेर पडताना ते झाकण अक्षरशः डबीसारखे उघडते, आणि कधी कधी रिकामे कवच मागच्या पायाला अडकवूनच ते पिल्लू वर चढू लागते.

कवचावरील खळगे व उंचवटे, झाकणाची आणि त्या चकतीची ठेवण प्रजातीगणिक वेगळी असते. म्हणूनच काडीकिड्याच्या नव्या प्रजातीचे वर्णन लिहिणारा अभ्यासक शक्यतो मादी जिवंत ठेवून तिची अंडी मिळवतो, आणि शरीराच्या मोजमापांइतक्याच बारकाईने अंड्याचेही वर्णन करतो.

नर-मादीतला फरक हा या कामातला दुसरा मोठा अडथळा आहे. काडीकिड्यांच्याच गणातल्या पर्णकीटकांचे उदाहरण बोलके आहे. फिलियम आणि नॅनोफिलियम हे त्यांचे दोन वेगळे वंश, म्हणजे जवळच्या प्रजातींचे गट. पहिल्यात गणलेल्या, न्यू गिनीतल्या एका प्रजातीची मोठी, पानासारखी मादीच तेवढी ठाऊक होती, तर दुसऱ्याचे लहानखुरे नरच तेवढे ठाऊक होते. मग माँट्रियलच्या कीटकालयात त्या मादीची अंडी उबवली गेली आणि त्यांतून निघालेले नर वाढून हुबेहूब नॅनोफिलियमसारखे झाले. ज्यांना दोन वेगळ्या वंशांत नोंदवले गेले होते ते नर-मादी एकाच वंशातले होते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या मादीला नॅनोफिलियम वंशात हलवावे लागले.

असा गोंधळ निस्तरता यावा यासाठीच प्राणिनामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम इतके काटेकोर आहेत. १९३० नंतर दिलेल्या नावासोबत त्या प्रजातीचे वेगळेपण शब्दांत मांडलेले असावे लागते. १९९९ नंतर तर नव्या प्रजातीसाठी नामधारक नमुना स्पष्टपणे नेमून, तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे, हेही लिहावे लागते. होलोटाइप म्हणून नेमलेल्या त्या एका टाचलेल्या कीटकाशी नाव कायमचे बांधले जाते. पुढे कोणाला शंका आली, तर त्याच्यापाशीच परत जावे लागते.

संग्रहालयात जपलेले असे जुने नमुने किती उपयोगी पडतात, हे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील समुद्रातल्या लॉर्ड हाउ बेटावरच्या काडीकिड्याने दाखवून दिले आहे. १९१८ मध्ये एक जहाज त्या बेटापाशी खडकावर चढले, त्यातून उतरलेल्या उंदरांनी हे कीटक फस्त केले आणि पुढे प्रजाती नामशेष झाली असे सर्वांनी धरले. २००१ मध्ये तिथून सुमारे २३ किलोमीटर अंतरावरच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातून उभ्या उठलेल्या कड्यावर, एका झुडपाखाली तसेच कीटक सापडले, पण ते जुन्या नमुन्यांपेक्षा काहीसे वेगळे दिसत होते. ही तीच प्रजाती की दुसरी, याचा निकाल २०१७ मध्ये लागला. संग्रहालयातल्या जुन्या, वाळलेल्या कीटकांचे डीएनए तपासून पाहिल्यावर ती एकच प्रजाती असल्याचे सिद्ध झाले. ते नमुने कोणी जपून ठेवले नसते, तर तुलना कशाशी करणार होतो?

माझी विनंती एवढीच आहे की, नव्या प्रजातीची बातमी देताना तिचे पूर्ण शास्त्रीय नाव, वर्णनकर्त्यांची नावे, नामधारक नमुना कोणत्या संग्रहालयात आहे ते, आणि जवळच्या प्रजातींहून ती कशात वेगळी आहे, हे दोन-तीन वाक्यांत तरी छापावे. जागेची चणचण मी समजू शकतो, पण अंड्याचे एक लहानसे छायाचित्र, तळहातावर धरलेल्या कीटकाच्या छायाचित्राइतकेच वाचकाला खिळवून ठेवेल, अशी माझी खात्री आहे. वर्गीकरणाचे काम करणारे अभ्यासक वर्षानुवर्षे निमूटपणे खपत असतात आणि त्यांच्या कामाला प्रसिद्धी मिळते ती कीटक प्रचंड असेल तेव्हाच, ही गोष्ट मला बोचते.

ॲक्रोफिला अल्टाचे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा तिचा नर सापडलेला नव्हता. या वंशातले नर माद्यांपेक्षा पुष्कळच सडपातळ आणि दिसायला निराळे असतात, शिवाय ही प्रजाती राहते ती डोंगरावरच्या पावसाळी जंगलात, झाडांच्या अगदी शेंड्यांवर. त्यामुळे नराची ओळख पक्की व्हायची, तर तो मादीसोबत आढळावा लागेल, किंवा मादीच्या अंड्यांतून तो वाढवावा लागेल. तो सापडेल तेव्हा त्याचे वजन ४४ ग्रॅमच्या जवळपासही नसेल आणि कोणताही विक्रम त्याच्या नावावर नसेल. तरीही त्या दिवशी आपल्या वृत्तपत्रात ती बातमी मादीच्या बातमीइतक्याच ठळकपणे यावी, असे मला मनापासून वाटते.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक