फिटंफाट नको

लातूर, २२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

डोळ्याची पट्टी काढल्यावर आईला भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी चष्म्याशिवाय वाचता आली, हे दादाने कळवले आणि फार बरे वाटले. थेंब वेळच्या वेळी घालावेत आणि डॉक्टर सांगेपर्यंत आईने चुलीच्या धुरात बसू नये, एवढे आधी लिहिते आणि मग मूळ विषयाकडे वळते. तो विषय मी फोनवर काढला की बाबा "असू दे आता" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून हे पत्र.

मागच्या सोमवारी माझ्या खात्यात ३८,४०० रुपये जमा झाले. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे जे बिल मी भरले होते, नेमकी तेवढीच रक्कम, एक रुपयाही इकडेतिकडे नाही. त्यासाठी भाव चढायची वाट न पाहता तुम्ही सोयाबीन विकलेत, हे मला नंतर दादाकडून कळले. लेकीच्या घरचे घेऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत मला ठाऊक आहे. आत्याच्या गावी गेलेले आजोबा वेशीवरच्या विहिरीचे पाणी पिऊन मगच तिच्या दारात पाऊल टाकत, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण बाबा, मला लागले ते रीतीमुळे नाही, त्या नेमक्या आकड्यामुळे.

तुमची आहेराची वही आठवते का? लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दोऱ्याने बांधलेली. माझे अक्षर बरे म्हणून सहावीत असल्यापासून ती तुम्ही माझ्याकडे दिलीत, आणि कुणाच्याही लग्नाला निघण्याआधी मी मागची पाने उलटून त्या घरून आपल्याला काय आले होते ते वाचून दाखवायचे. कुणी एक्कावन्न रुपये केलेले असले तर तुम्ही एकशे एक द्यायचात, एक्कावन्न कधीच नाही. मी एकदा कारण विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तेवढंच परत दिलं की फिटंफाट होते. फिटंफाट दुकानदाराशी करायची असते, माणसाशी नाही." बांधाच्या वादानंतर भावकीतल्या एका घराने आपल्या आहेराचे दोनशे एक्कावन्न रुपये पाकिटात घालून, नेमके तेवढेच, परत पाठवले होते. तुम्ही ते पाकीट कितीतरी वेळ हातात धरून ओट्यावर बसून राहिलात आणि त्या रात्री जेवला नाहीत. मोबाईलवर ३८,४०० हा आकडा पाहिला तेव्हा मला ते पाकीट आठवले.

आई, तू तर हिशेब कुठे लिहूनही ठेवला नाहीस. शेजारून कढीची वाटी आली की ती धुऊन कधी रिकामी परत गेली नाही; घरात काही नसले तर मूठभर शेंगदाणे, तेही नसले तर गुळाचा खडा. रिकामे भांडे पाठवू नये, एवढेच तू म्हणायचीस, आणि ती वाटी दोन घरांमध्ये अशी येत-जात राहायची की मुळात ती कुणाची हे शेवटी कुणालाच सांगता आले नसते.

शेतातही तेच होते. आपल्याकडे तेव्हा एकच बैल होता, म्हणून पेरणीच्या दिवसांत दुसऱ्या एका घराशी वारंगुळा, म्हणजे बैलाची आणि कामाची अदलाबदल, केल्याशिवाय गत्यंतर नसायचे. दोन दिवस आपला बैल आणि बाबा त्यांच्या रानात, दोन दिवस त्यांचा बैल आणि ते आपल्या रानात. मजुरी कुणी मागायची नाही, ज्याच्या रानात काम त्याने भाकरी घालायची. हे सारे फार गोड होते असे मात्र मला म्हणायचे नाही. गावातली सगळीच देवाणघेवाण बरोबरीची नव्हती. खळ्यावर बलुते मागायला येणाऱ्याला वर्षभर राबूनही पदर पसरूनच उभे राहावे लागे, आणि त्याला कुणी वारंगुळा म्हणत नसे. जिथे एकाने नेहमी द्यायचे आणि दुसऱ्याने नेहमी घ्यायचे असे ठरलेले असते, तिथे कुणीतरी एक खाली बसतो. तुमच्या-माझ्यात मला तसे नको आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट मला तुटकच आठवते, मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. आपली मागची भिंत पडली, पण माळवदाखालून आपण सगळे जिवंत बाहेर आलो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती अंगावर येऊन सुमारे १० हजार माणसे गेली. तुम्ही त्याच दिवशी गाडी जुंपून भाकरी घेऊन किल्लारीकडे गेलात. पुढे आपल्याही दारात परक्या गावची, परक्या भाषेची माणसे पत्रे आणि घोंगड्या घेऊन आली, तेव्हा आजी घ्यायला लाजत होती आणि तुम्ही तिला म्हणालात, "घे, त्यांना परत पाठवलं तर त्यांना वाईट वाटेल." हे वाक्य मी तुम्हाला आज परत करते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. आमच्या गल्लीत त्याचा टँकर आला तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी कुणी न सांगता ज्वारी आणि चादरी गोळा केल्या. मी आईला फोन केला तर तिने गावाकडून ज्वारीचे एक पोते पाठवले आणि निरोप दिला, "तुम्ही त्यांचं पाणी प्यायलात." मिरजेच्या पाण्याचे देणे लागते असे मानणाऱ्या बाईने पोटच्या लेकीचे काही ठेवून घेऊ नये, हे मला कसे समजावे?

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. चार वर्षांपूर्वी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी जमिनीचे हक्कसोडपत्र दादाच्या नावे करून दिले. माझ्या मर्जीने दिले, आजही त्याचे दुःख नाही. परंतु त्या दिवशी लेकीचे घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न आपल्या घरात कुणालाच पडला नाही. जमीन घेता येते आणि दवाखान्याचे बिल घेता येत नाही, ही कसली रीत? लग्न झालेल्या मुलीवरही आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, तेही महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सांगितले आहे. तो खटला बापाला मुलीवर गुदरावा लागला होता. आपल्याकडे उलटे चालले आहे, मुलगी देते आहे आणि बाप परत पाठवतो आहे. (बाबा, एवढ्यावर तरी हसा.)

आज सकाळी मी तुमच्या खात्यात ३८,५०१ रुपये पाठवले आहेत. वरचे एकशे एक चुकून गेलेले नाहीत, आहेराच्या वहीत मांडून ठेवा. ते तुम्हाला फेडायचे असतील तर पुढच्या महिन्यात येळवस, आपली वेळ अमावास्या आहे; आम्ही चौघे सकाळीच रानात येऊ. आंबिलाचे बिंदगे, ते मातीचे मडके, बाबांनीच डोक्यावरून आणावे. मिश्र भाज्यांची भज्जी यंदा वहिनी आणि मी करू, आईने रानातल्या कोपीत बसून फक्त मीठ किती ते सांगावे. आईच्या दुसऱ्या डोळ्यासाठी संक्रांतीनंतरची तारीख मी घेते आहे.

दिवाळीत तुम्ही शेंगदाण्याचे लाडू दिले होते, तो कडीचा डबा अजून माझ्याकडेच आहे. दादाबरोबर पाठवते. उघडून बघा.

तुमची,
ताई