१.६ किलो: फॉर्मने नाकारलेल्या एका नोंदीबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं, पण मी ते मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही मला ज्या चुकीतून बाहेर काढलंत, ती चूक फॉर्म बनवणारी माणसं अजूनही करतात. फोन बदलले, पडदे मोठे झाले, चूक तशीच राहिली. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही.

२०११ मधली ती दुपार तुम्हाला कदाचित आठवत नसेल. आम्ही कागदी तक्ते बंद करून साध्या कीपॅडच्या मोबाइलवर घरोघरच्या बाळांच्या वजनाच्या नोंदी घ्यायला नुकतीच सुरुवात केली होती. जावा चालणारे स्वस्तातले हँडसेट, त्यात ब्लूटूथने चढवलेलं छोटंसं अ‍ॅप, एका वेळी एक प्रश्न. रेंज नसली तरी नोंद फोनमध्येच साठायची आणि रेंज आली की सर्व्हरवर जायची. मी ऑफिसात बसून पडद्यावर नोंदी एकेक येताना पाहायचे आणि खूश व्हायचे. तेवढ्यात तुमचा कॉल आला.

"मॅडम, फॉर्म पुढं जात नाही."

मला वाटलं, बटण अडकलं असेल. मी म्हटलं, बंद करून परत सुरू करा.

"तसं नाही. बाळाचं वजन घेतच नाही तो. एक पॉइंट सहा आहे."

ती मर्यादा मीच घातली होती. वजन २ ते २५ किलोच्या मध्ये हवं, नाहीतर पुढचा प्रश्न उघडायचा नाही. त्यातल्या २५ ला कारण होतं. त्या फोनवर दशांशचिन्ह कुठल्या मॉडेलवर स्टारच्या बटणावर, तर कुठल्यावर हॅशच्या. घाईत ते राहून जायचं आणि ८.५ चे ८५ व्हायचे. म्हणून वरची मर्यादा हवीच होती. पण खालचा २ मी केवळ चौकट भरायची म्हणून टाकला. एका क्षणाचाही विचार केला नाही. आणि ज्या बाळाची नोंद सगळ्यात आधी व्हायला हवी होती, नेमकं त्यालाच माझ्या फॉर्मने दारातून परत पाठवलं.

ताई, तुम्ही २.० टाकून पुढे जाऊ शकला असतात. उन्हातून आला होतात, पुढे कितीतरी घरं बाकी होती, आणि कुणाला कळलंही नसतं. माझ्या तक्त्यात २.० दिसलं असतं आणि मी ते खरं मानलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. आकडा वहीत लिहिलात, बाजूला वेळ लिहिलीत आणि मला कॉल केलात. आभार मानायचे आहेत ते या एका गोष्टीचे. बाकी सगळं तिच्यातूनच आलं.

तेव्हा मला वाटलं होतं, २.० काय आणि १.६ काय, दोन्ही कमीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जन्मावेळी २.५ किलोच्या आत म्हणजे कमी वजन, त्यामुळे बाळ त्याच रकान्यात गेलं असतं. पण तुम्ही महिन्याभराने पुन्हा त्या घरी गेलात आणि काटा २.० वर थांबला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पहिल्या वेळी आपण खोटं २.० लिहिलं असतं, तर आता तक्ता म्हणाला असता की महिन्यात बाळ एक ग्रॅमही वाढलेलं नाही. प्रत्यक्षात ते चारशे ग्रॅम वाढलं होतं. त्याच्या आईची महिन्याभराची मेहनत एका सोयीच्या आकड्याखाली पुरली गेली असती. ते समजल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठले नव्हते.

त्यानंतर मी जुन्या नोंदी उघडल्या. नेमकं २.० वजन असलेली बाळं जरा जास्तच होती. १.९ एकही नाही, २.१ तुरळक, आणि २.० चा ढीग. ज्यांनी ते आकडे टाकले, त्यांना मी कधीच दोष दिला नाही. फॉर्म दार उघडत नसेल तर माणूस मिळेल ती किल्ली लावतो. किल्ली मीच तिथे टांगून ठेवली होती. आम्ही त्या सगळ्या घरांत पुन्हा जाऊन वजनं घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहे. जी वजनं चुकीची लिहिली गेली, ती मात्र परत मिळाली नाहीत. त्या दिवशीचं वजन त्या दिवशीच घेता येतं.

या फॉर्मच्या मागची रचना मला तेव्हा तोंडपाठ होती, आणि म्हणूनच मला वाटत होतं की मला सगळं येतं. २००३ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने एक्सफॉर्म्स नावाचं, फॉर्म कसे लिहायचे याचं प्रमाण जाहीर केलं. पुढे त्याच्या आधाराने साध्या जावा फोनवर चालणारा जावारोझा हा मुक्त कोड तयार झाला. त्यात तीन शब्दांवर बरंचसं काम चालतं. रिक्वायर्ड म्हणजे उत्तराशिवाय पुढे जाता येत नाही. कन्स्ट्रेंट म्हणजे उत्तर ठरलेल्या मर्यादेत नसेल तर ते स्वीकारलं जात नाही. रेलेव्हंट म्हणजे आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न दिसायचा की नाही ते ठरतं. पहिले दोन अडवतात, तिसरा रस्ता दाखवतो. मी पहिल्या दोघांवर विसंबून होते. आकडे स्वच्छ यावेत म्हणून जिथे तिथे अडसर घातले होते. "हे जरा वेगळं वाटतंय, पुन्हा बघाल का?" असं विचारायची सोय कन्स्ट्रेंटमध्ये नाहीच. तो फक्त नाही म्हणतो.

मग आपण बसून तो प्रश्न दुरुस्त केला. खालची मर्यादा अर्ध्या किलोवर आणली आणि वजन २ च्या आत असेल तरच उघडेल असा एक जादा प्रश्न रेलेव्हंटने जोडला. मी मजकूर लिहिला होता: "मूल्य अपेक्षित मर्यादेबाहेर आहे. कृपया खात्री करा." तुम्ही तो दोनदा वाचलात आणि विचारलंत, "म्हणजे मी नक्की करायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही सांगितलंत तेच मग मी लिहिलं: "झोळी अडकवून काटा शून्यावर आणला होता का? बाळाला पुन्हा तोला." झोळीचंही वजन असतं, ती अडकवल्यावर काटा शून्यावर आणला नाही तर ते बाळाच्या वजनात मिसळतं, हे मला प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतून ठाऊक होतं. पण फॉर्मने ते नेमक्या त्या क्षणी विचारावं, हे तुमचं.

इलेक्ट्रॉनिक फॉर्मचा खरा फायदा मला तिथे कळला. मी सगळ्यांना सांगत होते की वेळ वाचतो. तो वाचतोच. कागदाचे गठ्ठे ऑफिसात यायला आठवडे लागायचे, मग दोन जण तीच माहिती वेगवेगळी टाइप करायचे आणि दोन्ही प्रती ताडून बघायच्या. पण त्या दुहेरी टायपिंगमधून टाइप करणाऱ्याची चूक सापडते, वजन घेणाऱ्याची नाही. कागदावरच ८५ लिहिलेलं असेल तर दोघेही इमानदारीने ८५ टाइप करणार. फोन मात्र शंका घेऊ शकतो तेव्हा बाळ अजून झोळीत असतं, आई समोर असते आणि पुन्हा तोलायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं कागद कधीच देऊ शकत नव्हता. आणि मी ती नकार देण्यात घालवत होते.

तुमच्याकडून शिकलेल्या आणखी काही गोष्टी इथे नोंदवून ठेवते. जन्मतारखेचा प्रश्न मी सक्तीचा केला होता. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही हवेतच. आई म्हणायची, पाऊस नुकताच थांबला होता तेव्हा. तुम्ही म्हणालात, "हिला जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहायची जागा द्या." तेव्हापासून आपण आधी विचारू लागलो की तारीख ठाऊक आहे का, की फक्त महिना. तोही नसेल तर त्या भागातल्या ठळक घटनांच्या यादीवरून अंदाज काढायचा, आणि हा अंदाज आहे अशी खूण नोंदीतच राहायची. "माहीत नाही" हा पर्याय मला आळशीपणाला आमंत्रण वाटायचा. आता मी त्याच्याशिवाय फॉर्म बाहेर सोडत नाही. रिकामी जागा, शून्य आणि माहीत नाही ही तीन वेगळी उत्तरं आहेत.

प्रश्न तोकडे करायलाही तुम्हीच शिकवलंत. त्या इवल्याशा पडद्यावर प्रश्न लांबला की पर्याय खाली जायचे, आणि पर्याय बघायला खाली गेलं की प्रश्न वर निघून जायचा. काही मॉडेलवर जोडाक्षरं फुटायची, तेव्हा जोडाक्षर नसलेले शब्द तुम्ही सुचवलेत. आणि जिथे इंटरनेट पोचायचंच नाही तिथे नोंद एसएमएसने पाठवावी लागायची. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. म्हणून उत्तरं आकड्यांच्या सांकेतिक खुणांत जायची. त्या खुणा तुम्ही पाठ केल्या होत्या, मला मात्र प्रत्येक वेळी तक्ता उघडावा लागायचा.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, जी तेव्हा मला ठाऊक नव्हती. २००९ मध्ये गुजरातमधल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. साध्या मोबाइलवर माहिती पाठवायच्या तीन पद्धती त्यात ताडून पाहिल्या होत्या. शंभर नोंदींमागे चुका निघाल्या त्या अशा: इलेक्ट्रॉनिक फॉर्ममध्ये ४.२, सांकेतिक एसएमएसमध्ये ४.५, आणि पलीकडे बसलेल्या माणसाला बोलून सांगितलं तर ०.४५. तेरा जणांचा छोटासाच अभ्यास, त्यावरून सगळीकडचा निष्कर्ष काढता येणार नाही. पण मला तो वाचताना तुमचा कॉल आठवला. फॉर्मने नाकारलेला आकडा तुम्ही आवाजाने पोचवला होता, आणि तो बरोबर होता. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मच्या शेवटी मी एक मोकळा प्रश्न ठेवते, "काही सांगायचं राहिलं का?", आणि कामाच्या वेळात उचलला जाईल असा एक फोन नंबर देते. त्यावर येणारे कॉल मी स्वतः घेते.

तो कीपॅडचा हँडसेट आता कपाटात आहे. आपण त्यानंतर ओडीकेवर, म्हणजे फोनवर माहिती गोळा करायच्या मुक्त साधनांवर आलो, स्मार्टफोन आले, जीपीएस आलं, फोटो आले. ओडीकेच्या कलेक्ट अ‍ॅपच्या पोटात अजून तोच जावारोझा काम करतो. त्यामुळे रिक्वायर्ड, कन्स्ट्रेंट आणि रेलेव्हंट तिथेही आहेत, आणि विचार न करता टाकलेला २ तिथेही तितक्याच सहज बसतो. तो कोड लिहून सगळ्यांना मोकळा करून देणाऱ्यांचीही मी ऋणी आहे. पण तो वापरायचा कसा, हे मला तुमच्याकडून कळलं.

पुढच्या महिन्यात गरोदरपणातल्या तपासण्यांचा नवा फॉर्म तयार होतो आहे. हिमोग्लोबिनच्या आकड्याला मी खाली आणि वर काय मर्यादा घातल्या आहेत, ते अजून कुणालाच दाखवलेलं नाही. चाचणीचा पहिला फोन तुमच्या हातात द्यायचा आहे. या वेळी मी ऑफिसात थांबणार नाही, वही घेऊन तुमच्या मागून येते. तुम्हाला कोणता दिवस सोयीचा आहे तेवढं कळवा.

तुमची ऋणी,
फॉर्म बनवणारी