मुलांची चित्रं 1 मार्चला उतरवू नका

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
न्यू जर्सी राज्य

विषय : आफ्रिकन-अमेरिकन वारशावरील विद्यार्थ्यांच्या कलाप्रदर्शनाला वर्षभर जागा मिळण्याबाबत

महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत जाहीर लिहिते आहे ते एडिसन भागातल्या मराठी पालकांसाठी. ‘हा आपला विषय नाही’ असं म्हणणारे त्यांच्यात बरेच भेटतात.

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून साजरा होतो. त्यानिमित्त मुलीच्या शाळेत मुलांचं प्रदर्शन होतं. एक अख्खी भिंत कृष्णवर्णीय चित्रकार जेकब लॉरेन्सच्या धर्तीवर रंगवलेल्या चित्रांची. लॉरेन्स आपल्याच राज्यातल्या अटलांटिक सिटीत 1917 साली जन्मला. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत शाळा सुटल्यावर भरणाऱ्या कलावर्गांत त्याचा हात तयार झाला आणि 1941 साली दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीयांची कहाणी त्याने 60 चित्रांत मांडली. सगळी चित्रं एकदम पुढ्यात घेऊन तो एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला, म्हणून पहिल्या चित्रातला पिवळा शेवटच्यातही तोच राहिला. मुलांनीही बाकं जोडून, कागद ओळीने मांडून तसंच केलं होतं. फरशीचं काय झालं असेल ते असो, भिंत मात्र एकहाती वाटत होती.

शेजारी एक गोधडी. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका शेतावरच्या झिजलेल्या कपड्यांतून गोधड्या शिवत. 2002 साली त्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. इथे एका मुलीने वडिलांच्या जुन्या जीन्स वापरल्या होत्या. खिसा उसवलेल्या जागी गर्द निळा चौकोन, भोवतीचं सगळं विटलेलं. माझ्या सासूबाई तिथून हलेनात. धावदोरा कुठे सैल पडलाय तेही त्यांनी मला दाखवलं.

1 मार्चला भिंत रिकामी. चित्रं गुंडाळून घरोघरी गेली.

आपल्या राज्याने 2002 साली कायदा करून ॲमिस्टॅड आयोग नेमला तो हा इतिहास नेहमीच्या अभ्यासक्रमात मिसळून शिकवला जावा म्हणून. महिनाभर उत्सव करून आवरून ठेवायला नव्हे. मागणी मोठी नाही. दरवर्षी निवडक कामं ट्रेंटनच्या राज्य संग्रहालयात आणि गावोगावच्या ग्रंथालयांत फिरवा, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. फ्रेमा आणि वाहतूक यांचा खर्च राज्याने उचलावा. कलाशिक्षक आत्ताच पदरमोड करून रंग आणतात.

आणि मराठी पालकांनो, जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तेव्हा ‘आपला विषय नाही’ हे निदान आपण तरी म्हणू नये.

आयुक्तसाहेब, आपलं उत्तर आलं की तेही मराठीत करून इथेच छापीन. नाही आलं, तर तसंही कळवीन.

आपली,
एडिसनमधील एक पालक