बाबा, चांदी डॉलरवाल्यांची, आमची नाही

डिसेंबर 2025

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "रुपया नव्वदीपार गेला, तुझी तर चांदी आहे रे", आणि मी नुसतं हो हो केलं कारण मी ट्रेनमध्ये होतो, इथे जपानात ट्रेनमध्ये फोनवर बोललं तर कोणी काही म्हणत नाही, फक्त बघतात. पण नंतर ते डोक्यातून जाईना. म्हणून लिहितोय. बाबांना तसाही हिशोब कागदावर लागतो, तोंडी सांगितलेला पटत नाही.

तर बाबा, चांदी झाली असेल ती मामाच्या न्यू जर्सीवाल्या पोराची, किंवा दुबईवाल्या काकांची, कारण दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1997 पासून एका डॉलरला 3.67 दिरहम, हलतच नाही. रुपया पडला की त्यांना बसल्या जागी जास्त रुपये. माझा पगार येनमध्ये होतो आणि येन रुपयापेक्षा जोरात आपटलाय. 2021 च्या सुरुवातीला डॉलर 73 रुपयांना मिळायचा आणि 103-104 येनला. आज तोच डॉलर 90 रुपये आणि 156 च्या आसपास येन. आपला रुपया पायरी पायरीने उतरला असं धरा, येन जिन्यावरून गडगडत आला. तेव्हा एक येन म्हणजे 70 पैसे, आता 57-58.

पैशांत फरक कितीसा वाटतो ना? पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता घ्या, 62,000 रुपये. 2021 मध्ये त्यासाठी साधारण 88-89 हजार येन पाठवायचो. आता एक लाख सात हजार लागतात. हप्ता तोच, फ्लॅट तोच, पगार मात्र चार वर्षांत त्या मानाने वाढलेला नाही, आणि वर बँक गुगलवर दिसतो तो रेट कधीच देत नाही, स्वतःचा कट मारून देते आणि वेगळी फी लावते ती लावतेच.

बाबा आता विचारणार की जपानसारख्या देशाचा पैसा असा कसा पडतो. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे व्याज. अमेरिकेने 2022 पासून व्याजदर वाढवत पाचच्या वर नेले आणि जपानने मार्च 2024 पर्यंत शून्याच्या खाली ठेवले. म्हणजे तुमच्या पतपेढीतून कोणी फुकटात कर्ज काढायचं आणि शेजारच्या गावात पाच टक्क्याने ठेवायचं, असं असेल तर कोण सोडेल? सगळ्यांनी येन उसना घेतला, विकला आणि डॉलर घेतले. आता गेल्याच आठवड्यात इथल्या मोठ्या बँकेने, म्हणजे यांच्या रिझर्व्ह बँकेने, दर 0.75 टक्के केला. हसू नका बाबा, हा 30 वर्षांतला सगळ्यात वरचा दर आहे! तुमच्या एफडीचं व्याज इथे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आणि गंमत म्हणजे दर वाढला तरी त्या दिवशी येन चढायच्या ऐवजी अजून थोडा पडलाच.

आता एक गोष्ट जी मी तुम्हाला सांगितलीच नव्हती. जुलै 2024 मध्ये फ्लॅटच्या पझेशनचे पैसे भरायचे होते, आठवतंय ना, तुम्ही म्हणत होतात "महिनाभर थांब, बिल्डरने तरी कधी वेळ पाळलीय". तेव्हा डॉलर 161 येनला गेला होता, 1986 नंतर पहिल्यांदाच इतका, ऑफिसात सगळे म्हणत होते 170 होणार, मी घाबरलो आणि सहा लाख येन एकदम पाठवून टाकले, येनला 52 पैशांचाही रेट मिळाला नाही, 3 लाख 10 हजार आले. 31 जुलैला यांनी व्याजदर वाढवला आणि पुढच्या चारपाच दिवसांत येन असा काही उसळला की तेच पैसे साडेतीन लाखांच्या आसपास झाले असते. चाळीस हजार गेले बाबा. तुमचं ऐकलं असतं तर वाचले असते, पण तुम्ही रेट बघून बोलला नव्हतात, बिल्डर बघून बोलला होतात, त्यामुळे अर्धेच मार्क. तेव्हापासून मी ठरवलंय, रेटच्या मागे लागायचं नाही, दर महिन्याच्या 25 तारखेला पगार झाला की लागतील तेवढे पाठवायचे आणि ॲप बंद करायचं. (ॲप बंद होत नाही ते सोडा. रात्री उठून बघतो म्हणून तुमची सून चिडते.)

आई, तुला तांदळाचं सांगतो. पूर्वी 5 किलोची पिशवी दोन हजार येनला यायची, यंदा चार हजारांच्या वर गेली. म्हणजे जवळजवळ अडीच हजार रुपये, पाच किलोला! याचं कारण मात्र येन नाही हं, यांचं पीकच कमी पडलं, 2024 च्या उन्हाळ्यात तर दुकानात फळ्या रिकाम्या होत्या. पोरांना वरणभात लागतोच. तू लगेच इंद्रायणीचं पोतं बांधायला घेशील, घेऊ नकोस, इथे एअरपोर्टवर तांदळाला सर्टिफिकेट मागतात, नाहीतर काढून ठेवतात.

तर या सगळ्यात आमचं या सुट्टीत साताऱ्याला येणं राहिलं. चौघांचं तिकीट साडेपाच लाख येन सांगतायत, मी तीनदा बघितलं, तीनदा लॅपटॉप मिटला. आईला वाईट वाटलंय ते कळलं, फोनवर "बरं बरं" म्हणालीस ना, त्यावरूनच.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. येन पडलाय तो येनवाल्यांसाठी, रुपये घेऊन येणाऱ्यांना हा देश स्वस्त झालाय. 2024 मध्ये विक्रमी 3 कोटी 68 लाख लोक आले जपानला, ते काय उगाच? म्हणून म्हणतो, तुम्हीच या. मार्चच्या शेवटी पोरांना सुट्टी असते आणि साकुराही, म्हणजे चेरीचा बहर, तेव्हाच फुलतो. राहायचं आमच्याकडे, टोकियोत निशी-कासाईला. बाबा, तो सात दिवसांचा रेल्वेपास मात्र घेऊ नका, तो 2023 मध्ये 29,650 वरून एकदम 50,000 येन केला यांनी, आपण एकदाच क्योटोला जाऊन येऊ, त्याला साधं तिकीटच परवडतं. निमंत्रणाचं पत्र आणि बाकी कागद मी पाठवतो.

आणि कपाटातल्या त्या पाच नोटा. मार्च 2020 मध्ये तिकीट काढून, डेक्कनला जाऊन 36,000 रुपयांना 50,000 येन घेतले होतेत, आणि मग विमानंच बंद झाली. आज मोडायला गेलात तर 28 हजारसुद्धा हातात यायचे नाहीत, म्हणून मोडू नका. इथे जुलै 2024 पासून नवीन नोटा आल्यात, तुमच्या नोटांवर ज्यांचं चित्र आहे ते फुकुझावा साहेब गेले, दुसरे आले, पण जुन्या चालतात, मी परवाच कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, मुद्दाम एक देऊन बघितली. घेऊन या. पहिल्या रात्री जेवायला बाहेर जाऊ आणि बिल बाबा देतील.

तारखा कळवा, तिकीट मी इथून बघत नाही, तुम्ही तिकडून रुपयात काढा.

तुमचा,
बाळ्या