खासदाराला मिळते ते मला का नाही?

संपादक महोदय,

केंद्र सरकारच्या एका कार्यालयाचा हजेरीपट मी माहिती अधिकारात मागितला. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली, पोच घेतली. २८व्या दिवशी उत्तर आले, एका ओळीचे: ‘सदर माहिती वैयक्तिक असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही.’ हजेरीपट वैयक्तिक! खुर्ची सरकारी, पगार सरकारी. ती खुर्ची रिकामी होती का, एवढेच तर विचारले होते.

जन माहिती अधिकाऱ्यावर माझा फारसा राग नाही. कायद्यानेच त्याच्या हाती आयती ढाल दिली आहे. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात याच पोटकलमाला जोडून एक वाक्य होते: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणालाही नाकारता येणार नाही. अपिलात तेच कामी यायचे. ‘साहेब, उद्या खासदाराने सभागृहात हेच विचारले तर उत्तर द्याल ना? मग मलाही द्या.’ २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३)ने ते वाक्य काढले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागू झाला. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद, म्हणजे जनहित मोठे असेल तर माहिती देता येते ती, अजून शिल्लक आहे म्हणा, पण आपणहून ती लावून बघण्याची तसदी कोण घेतो?

नागरिकाला खासदाराच्या पंगतीला बसवणारे वाक्य खासदारांच्याच मताने गेले, हे जास्त खुपते. माहिती अधिकाराचे मूळ विधेयक संसदेच्या स्थायी समितीने तपासले होते. याच कायद्यातली २०१९ची दुरुस्ती छाननीसाठी प्रवर समितीकडे पाठवण्याची मागणी राज्यसभेत फेटाळली गेली. २०२३चे विधेयक तर ३ ऑगस्टला मांडले आणि ९ ऑगस्टपर्यंत दोन्ही सभागृहांतून पार, समितीबिमिती काही नाही.

तरी एक वाट आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २५नुसार केंद्रीय माहिती आयोगाचा वार्षिक अहवाल सरकार संसदेपुढे ठेवू शकते आणि कोणत्या कलमाखाली किती वेळा माहिती नाकारली, हेही त्यात द्यावे लागते. बहुतेकदा तो पटलावर येतो आणि तिथेच राहतो. माहिती अधिकार कायदा सांभाळणारे कार्मिक खाते ज्या स्थायी समितीच्या कक्षेत येते, तिने ८(१)(ञ) खालचे बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून खात्याला बोलावून जाब विचारावा. आपल्या खासदारांनी निदान एक तारांकित (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न तरी टाकावा.

प्रथम अपील मी कालच पोस्टात टाकले.

– एक वाचक