वाईची जमीन विकू नका

अ‍ॅशबर्न, लाउडन काउंटी, व्हर्जिनिया
२१ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

आम्ही दोघं मजेत. आई, थंडी आहे पण घरात हीटर आहे, आणि मी कानटोपी घालतो. मीराला विचारून खात्री कर हवं तर.

बाबा, "पगार एवढा, मग अजून भाड्याने का?" याला आणि वाईची जमीन विकून पैसे पाठवण्याच्या तुमच्या बोलण्याला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हिशेब लिहून पाठवतो. साधं टाऊनहाऊस, म्हणजे आपल्याकडचं रो हाऊस, साडेसात लाख डॉलरचं धरा. २० टक्के, म्हणजे दीड लाख, आधी आपल्या खिशातून. त्याहून कमी भरले की बँक आणखी एक विमा गळ्यात मारते. कर्ज बुडालं तर भरपाई बँकेला, हप्ते आपले. सहा लाखांचं कर्ज, तीस वर्षं, सव्वासहा टक्के: महिना ३,६९४ डॉलर. त्यावर काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, मालमत्ता कर, यंदा दर शंभर डॉलरला ८०.५ सेंट, म्हणजे महिना पाचशे. बँक तो हप्त्याबरोबरच घेऊन बाजूला ठेवते आणि ५ जून व ५ डिसेंबरला भरते. व्याजदर तीस वर्षं बांधलेला, तरी हप्ता हलतो तो यामुळेच. दर जानेवारीत काउंटी घराची किंमत नव्याने ठरवते, ती वाढली की कर वाढतो आणि बँकेचं पत्र येतं. घराचा विमा, सोसायटीची वर्गणी धरून सगळं साडेचार हजारांच्या घरात जातं. आमचं भाडं ३,१००. तेव्हा भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हे निदान या घडीला खरं नाही.

जानेवारी २०२१ मध्ये इथला गृहकर्जाचा सरासरी व्याजदर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. तीन टक्क्यांनी हेच कर्ज २,५३० डॉलरच्या हप्त्यात बसायचं. ज्यांच्याकडे ते कर्ज आहे ते जागचे हलत नाहीत, कारण नवं घर घेतलं की नवा दर. विकायला घरं कमी निघतात आणि भाव खाली येत नाहीत.

आता ती बोलीची भानगड. "सांगितलेल्या किमतीच्या वर कुणी देतं का?" असं तुम्ही म्हणालात. देतात. घर गुरुवारी बाजारात येतं, शनिवार-रविवारी लोक चपला काढून बघून जातात, सोमवारी संध्याकाळपर्यंत बोलीची पाकिटं. समजा किंमत ७,३५,००० सांगितली आहे. तुम्ही लिहून द्यायचं: मी ७,३५,००० देतो, पण दुसऱ्या कुणी जास्त दिले तर त्याच्यापेक्षा ५,००० जास्त देईन, ७,६५,००० पर्यंत. दुसऱ्याची बोली ७,५०,००० निघाली की तुमची आपोआप ७,५५,००० होते. ना समोरासमोर बसणं, ना घासाघीस, आणि तो दुसरा कोण हेही कळत नाही. फक्त त्याच्या बोलीची प्रत, नाव झाकून, मागून घ्यायची. ती करारातच मागितलेली असावी लागते.

यात फसगत दोन ठिकाणी होते. एक, आपण कुठवर जाऊ शकतो हे विकणाऱ्याला आधीच कळतं. दुसरी मोठी: बँकेचा माणूस मूल्यांकनाला येतो आणि म्हणतो घर ७,३५,०००चंच. मग बँक त्याच आकड्याच्या ८० टक्के देते, आणि आपल्याला १६,००० जास्तीचे रोख उभे करावे लागतात. बोली जिंकायची म्हणून काही जण मूल्यांकनाची अट सोडून देतात, घराची तपासणीसुद्धा सोडतात. हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. या काउंटीत जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू येतो, तळघरात तो मोजल्याशिवाय घर घेऊ नये. मोजमाप ४ च्या वर गेलं तर पाइप आणि पंखा बसवून तो छपराबाहेर काढावा लागतो.

आम्ही थांबलोय ते भाव पडतील म्हणून नाही. इथल्या कितीतरी घरांची चूल वॉशिंग्टनच्या सरकारी पगारावर आणि कंत्राटांवर पेटते. यंदा त्यात कपात झाली, वर १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारच बंद होतं. दुसरा आधार डेटा सेंटरांचा. त्यांच्या करामुळे घरांवरच्या कराचा दर ८६.५ सेंटवरून ८०.५ वर आला. पण त्यातला मोठा वाटा आतल्या संगणकांवरच्या कराचा, आणि संगणकांची किंमत भराभर उतरते. मार्चपासून काउंटीने नव्या डेटा सेंटरांना सुनावणीशिवाय परवानगी देणं बंद केलंय. माझी नोकरी ठीक आहे, काळजी नको. पण तीस वर्षांची सही करण्याआधी एक वर्ष बघू.

म्हणून वाईची जमीन विकू नका. चाळीस लाख आले तरी त्याचे इथे जेमतेम ४४ हजार डॉलर होतात. शिवाय पाठवताना वर्षाला दहा लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर), म्हणजे सहा लाख रुपये तिथेच अडकतात, रिटर्न भरल्यावर मिळतात. इथली बँक वर तुमच्या सहीचं पत्र मागते की हे पैसे परत घेणार नाही. बाबा, तसलं पत्र तुमच्याकडून लिहून घेणं मला जमणार नाही.

छोटीच्या लग्नाचं. मेचा मुहूर्त धरा, माझ्यासाठी अडवू नका. नव्या तपासणीमुळे भारतातल्या अमेरिकन कॉन्सुलेटने एच-१बी, म्हणजे माझ्यासारख्या नोकरीच्या व्हिसावाल्या, अनेकांच्या डिसेंबरच्या मुलाखतीच्या तारखा मार्चच्या पुढे ढकलल्यात. आलो आणि पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मिळायचं अडकलं तर परत येणं लांबेल, नोकरी तोवर थांबेल असं नाही. तरी प्रयत्न करतोय, तिला आत्ताच काही सांगू नका. मीरा नक्की येईल. कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स आणि केटररचे पैसे माझ्याकडून, यावर वाद नको. खाते क्रमांक आणि आयएफएससी दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला सांगा, सोमवारी पाठवतो.

तुमचा,
बंड्या